किसन मास्तरांना द्यायचं उत्तर

पुण्याहून नगरची एसटी पकडली तेव्हा मांडीवर सॅक्सोफोनची पेटी होती आणि डोक्यात राग होता. राग आमच्या ड्रमवाल्या म्हाताऱ्यावर. मी बँकेत नोकरी करतो आणि शनिवारी संध्याकाळी कॅम्पातल्या एका क्लबात चौघांच्या जॅझ बँडमध्ये वाजवतो, गेली अकरा वर्षं. आदल्या शनिवारी वाजवून झाल्यावर हा गोवेकर म्हातारा टॉवेलानं मान पुसत मला म्हणाला, "छान वाजवलंस. मागच्या शनिवारीही हेच छान वाजवलं होतंस. त्याच्या मागच्याही."

ज्यांनी जॅझ ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी येते, आणि ज्याची पाळी त्यानं त्या चालीच्या आधारानं तिथल्या तिथं स्वतःच्या मनातलं वाजवायचं. कागदावर काही लिहिलेलं नसतं. आपल्याकडं ख्याल गाणारा बढत करतो तसंच म्हणा, फक्त इथं आधीचा वादक काय बोलून गेला ते धरून पुढं बोलायचं असतं. आणि मी काय करत होतो? घरी कॅसेट लावून थोरामोठ्यांच्या वादनातला एकेक सूर वहीत उतरवून घेत होतो, घोकत होतो, आणि शनिवारी माझ्या मनातलं म्हणून खपवत होतो. अकरा वर्षं! चोरी पकडली गेली की माणूस आधी चिडतोच.

"मग हे शिकायचं कसं?" मी तोऱ्यात विचारलं होतं. म्हातारा म्हणाला, "मला वाजवता येतं, शिकवता येत नाही. किसनला येतं. मुंबईत हॉटेलात आम्ही नऊ वर्षं बरोबर होतो. तो क्लॅरिनेट वाजवायचा. परत गावी गेला, बीडकडं, आष्टीच्या पुढं. असेल तर असेल." एवढ्या पत्त्यावर मी आठ दिवसांची रजा टाकली. बायको म्हणाली, "उन्हाळ्यात बीडला? जॅझ शिकायला?" आणि पोळ्या लाटता लाटता इतकी हसली की लाटणं बाजूला ठेवावं लागलं.

नगर सोडलं आणि खिडकीतून येणारा वारा इस्त्रीसारखा अंगावर फिरू लागला. सलग तिसरं वर्ष कोरडं गेलं होतं. कडा गावाच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढेकळंच ढेकळं, मध्येच एखादं बोडकं लिंबाचं झाड. प्रत्येक वस्तीपुढं प्लॅस्टिकचे निळे ड्रम रांगेत टँकरची वाट बघत उभे. एका ठिकाणी सहकारी दूध संस्थेची पाटी लटकत होती आणि पाटीखालच्या कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी सहज विचारलं, "गावं इतकी सामसूम कशी?"

"मानसं हायत कुटं?" ते म्हणाले. "निम्मी ऊसतोडीला गेल्याली अजून आली न्हाईत. राहिलेली छावनीवर. घरात म्हातारी कोतारी अन् उंदरं." मग माझ्या पेटीकडं बघून म्हणाले, "हे काय, शिलाई मशीन हाय का?"

आष्टीला उतरून वडापच्या जीपनं (वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी खाजगी गाडी) मास्तरांचं गाव गाठलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं वाचलं की कळेल. मास्तर घरी नव्हते. कळलं की ते दोन बैल घेऊन महिन्यापासून चारा छावणीवर आहेत. छावणी म्हणजे दुष्काळात एखादी सहकारी संस्था जनावरं सांभाळते ती जागा. चारा-पाणी तिथंच मिळतं, म्हणून जनावराबरोबर मालकही तिथंच राहतो. गावाबाहेरच्या माळावर पाचटाचे मांडव ओळीनं घातलेले, दीड-दोनशे जनावरं, शेणाचा आणि उसाच्या वाढ्यांचा (शेंड्याकडच्या हिरव्या पानांचा) वास, आणि या सगळ्यावर पांढरं ऊन.

दारातच टेबल टाकून बसलेल्या कारकुनानं माझी पेटी बघितली आणि ताडकन उठला. "या साहेब, या. दोन दिस झाले निरोप धाडून. चौथ्या ओळीत तीन गाई माजावर आल्यात!" मला काही कळेना. पाठीमागून कोणीतरी हसून म्हणालं, "आरं ते रेतनाचे डॉक्टर न्हाईत बे! त्येंच्या पेटीत बाजा हाय." हा लिंबाजी. पन्नाशीचा, काटक, हातात वाढ्यांची पेंडी. मास्तरांच्या बँडमध्ये ढोल वाजवणारा. पेटीच्या आकारावरून त्यानं सॅक्सोफोन ओळखला, आणि उन्हानं करपलेल्या त्या माळावर मला एकदम बरं वाटलं.

किसन मास्तर सत्तरीच्या पुढचे, उंच, किडकिडीत, पांढऱ्या सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. बैलाच्या पायातली खडी काढत बसले होते. मी ड्रमवाल्या म्हाताऱ्याचा निरोप सांगितला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जित्ता हाय का त्यो? बरं झालं." मी येण्याचं कारण सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मी वाजवत न्हाई आता. जेवून जावा."

त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, तीन दगडांच्या चुलीवर शेंगोळी केली होती (हुलग्याच्या पिठाची वळकटी, तिखट रश्शात शिजवलेली). बरोबर बाजरीची भाकर. मी तीन वेळा वाढून घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "खावा भाऊ, लाजू नका. इतं पान्याची टंचाई हाय, तिखटाची न्हाई." मास्तर हात धुवायला गेले तेवढ्यात त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. मास्तरांचा जोडीदार युसूफभाई, कॉर्नेट वाजवणारा (आखूड तुतारीसारखं पितळी वाद्य), गेल्या उन्हाळ्यात वारला. तीस वर्षांची जोडी. त्याला माती देऊन आले तेव्हापासून मास्तरांनी क्लॅरिनेटला हात लावला नव्हता. "वाजवनारा मानूस गप बसला की त्यो आतून कुजतो, भाऊ. रातध्याड बैलाशी बोलत्यात, माज्याशी न्हाई. तुमी चार दिस ऱ्हावा. तुमचा बाजा बगून त्येंचं मन झालं तर झालं."

राहिलो. लिंबाजीच्या मांडवात बाजेवर जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं वाद्य जोडलं आणि क्लबात वाजवतो तेच, घोटून गुळगुळीत केलेलं, वाजवायला लागलो. शेजारच्या म्हशी रवंथ थांबवून बघू लागल्या. दोनतीन मिनिटं झाली असतील. मास्तर घमेलं घेऊन येता येता थांबले. "कुनाला बोलताव हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कोणाला म्हणजे?" "म्हंजे कोनी काय इचारलं होतं का तुमाला? का आपलं घरी ल्हेलेलं भाषन वाचायलाव?" बोंबला! पुण्यात अकरा वर्षं लागली, इथं तीन मिनिटांत निकाल.

पण ते बाजूला बसले, आणि बोलायला लागले. गिरणीच्या बँडमधून ते हॉटेलात शिरले होते. तिथं कागद वाचून वाजवायचं. पण मध्येच कागदावर मोकळ्या रेघा यायच्या. "मी इचारलं, इतं काय वाजवू? आमचा बँडमास्टर म्हनला, आधीचा काय बोलला ते आइक अन् बोल. मला काय बोलावं सुचंना. मग सा म्हैने मी येकच सूर वाजवायचो. आधीचा जिथं सोडील, त्यो सूर धरायचा, अन् गप. लोकं म्हनायची, ह्या येड्याला कावून ठिवलंय? सातव्या म्हैन्यात दुसरा सूर आपसूक आला."

हॉटेलांतले बँड बंद पडल्यावर मास्तर गावी आले. तेव्हा इकडं ज्याची त्याची सहकारी संस्था निघत होती. "दूध सहकारी, सूत सहकारी, कोंबड्या सहकारी. मी अन् युसूफ म्हनलो, मग बँड कावून न्हाई?" आणि त्यांनी खरंच काढली. बँड कलाकारांची सहकारी संस्था, वाद्यं सगळ्यांच्या मालकीची. मोठा बाजा, ढोल, कॉर्नेट संस्थेच्या कपाटात. क्लॅरिनेट तेवढी मास्तरांची स्वतःची, मुंबईहून आणलेली. लग्नसराईत बीड, माजलगाव, लिंबागणेशपर्यंत सुपाऱ्या. दुष्काळात लग्नं आखडली, सभासद ऊसतोडीला गेले. लागोपाठ बोलावलेल्या तीन सभांना गणपूर्ती होईना, कारण सभासद कुठल्या कुठल्या फडात कोयता चालवत होते. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे सरकारनं ती मोडीत काढली, आणि कपाटाला सरकारी सील लागलं. युसूफभाईचं कॉर्नेट त्यातच राहिलं. शेवटचं वर्ष तो माणूस वाद्याशिवायच होता. हे सांगताना मास्तरांचा आवाज चढला नाही, खाली गेला, आणि ते बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत राहिले.

त्यांची शिकवण्याची रीत होती 'शेपूट धरणे'. ओढ्याला पाणी असायचं त्या काळात पोहता न येणारा माणूस बैलाचं शेपूट धरून पलीकडं जायचा, त्यावरून. वरातीत मास्तर आणि युसूफभाई पुढं चालायचे. कुठं पारावर वरात अडायची, नवरदेवाचा मामा रुसायचा, घोडी हटून बसायची. किती वेळ ते कोणालाच ठाऊक नाही. गाणं तर संपलेलं. तेवढा वेळ भरायचा मनानं. एकजण बोलायचा, मध्येच न सांगता थांबायचा आणि दुसऱ्याला वाट द्यायचा. दुसऱ्यानं पहिल्याचा शेवटचा सूर धरूनच निघायचं. आपला आवडता सूर धरून नव्हे. "त्यो सूर धरला म्हंजे तुमी आइकलं. न्हाई धरला म्हंजे तुमी आपलं काय बोलायचं तेवढंच जुळवत होता. लगीन झालेल्या मानसाला हे सांगाया न्हाई लागत," म्हणाले आणि गालात हसले. गयाबाई चुलीपाशी म्हणाल्या, "ऐकतंय कोन? तीस वर्सं मीच शेपूट धरलंय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी क्लॅरिनेट काढली. गयाबाईंच्या जुन्या लुगड्यात बांधलेली. तुकड्यांच्या जोडावरचा कॉर्क वाळून सैल झाला होता, त्याला दोरा गुंडाळला. पहिला सूर फाटका आला, दुसरा बरा. तोंड हलवून हलवून ओठ बसवत राहिले. वर्षभर मोडलेलं तोंड या वयात परत येणं सोपं नसतं, फुंकीचं वाद्य वाजवणाऱ्या कोणालाही विचारा. तासाभरानं चार सूर वाजले, नीट, ओलसर. मी पाण्याची कळशी आणायला निघालेल्या गयाबाईंकडं बघितलं. त्या कळशी तशीच टेकवून खाली बसल्या होत्या आणि पदर डोळ्यांना लावला होता.

मग रोज सकाळी तास-दोन तास. ते वाजवत आणि थांबत, मी त्यांचा शेवटचा सूर धरत असे. एकच. बस. पुढं जायला लागलो की ते हात वर करत. मला ते भयंकर कठीण जात होतं. माझ्या बोटांत शेकडो तयार तुकडे होते आणि ते दारात जमलेल्या पाहुण्यांसारखे ढकलाढकली करत होते. मुक्कामाच्या पाचव्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "मास्तर, एका सुराचं काय करू मी?" ते म्हणाले, "काय करू नका. दम धरा. दुसरा ईल." आला नाही. उन्हानं माझ्या वाद्याच्या तोंडावरच्या वेताच्या पात्या मात्र तडकल्या. तीन घेऊन गेलो होतो, एक उरली.

त्याच संध्याकाळी मास्तर आपणहून म्हणाले, "परवा जयंती हाय. यंदा डीजे न्हाई लावायचा ठरलंय समाजमंदिरात. मी वाजवीन म्हनलोय. तुमी माज्याबरोबर ऱ्हावा, डाव्या अंगाला, युसूफ चालायचा तितं." आमची पंचाईत, माझी आणि माझ्या एका सुराची! पण लिंबाजीनं समाजमंदिरातून आणलेल्या ढोलावर थाप मारली आणि गयाबाईंनी मला बाजूला घेतलं. "वर्साचं मौन सुटतंय भाऊ. ह्ये वाजलं तर ते पुना मानसात येतील. तुमच्या हातात हाय आता." मी हो म्हणालो. काय म्हणणार?

आणि इथं मी ती गोष्ट केली.

लिंबाजीच्या ट्रंकेत एक कॅसेट होती. माजलगावकडं एका कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाला यांचा बँड गेला होता. पुढारी दीड तास उशिरा आले आणि तो दीड तास या दोघांनी मनानं भरून काढला. कोणीतरी ते टेप केलं होतं. लिंबाजी म्हणाला, "आइका, पन मास्तरला सांगू नका. त्यो आइकत न्हाई ती." मी माझा वॉकमन घेऊन कोरड्या पाझर तलावाच्या भिंतीवर जाऊन बसलो. आणि काय सांगू! क्लॅरिनेट बोलते, कॉर्नेट उत्तर देतं, क्लॅरिनेट खोडून काढते, कॉर्नेट हसतं. मध्येच एक आवाज येतो, "ठैर ना रे किसन, मेरेकू बोलने दे!" आणि मग युसूफभाईची एक लांबलचक उतरंड, पंचमावरून सुरू होऊन खाली खाली येत मध्येच वर वळणारी. मी ती पुन्हा लावली. पुन्हा लावली. खिशातून वही काढली.

जित्याची खोड! दोन दुपारी त्या भिंतीवर बसून मी ती उतरंड सुरासुरानं उतरवली, घोकली, बोटात बसवली. मनात काही वाईट नव्हतं, हे अगदी शपथेवर सांगतो. मला वाटलं, मास्तरांना केवढा आनंद होईल. त्यांच्या जोडीदाराचा आवाज पुन्हा त्यांच्या डाव्या बाजूला! आणि मला वाटलं, माझी लाजही झाकली जाईल. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं, पण ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

जयंतीच्या दिवशी उन्हं कलल्यावर मिरवणूक निघाली. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, नीळ दिलेले कडक सदरे. माणसं थोडी, ऊसतोडीहून परतलेली दोनचार कुटुंबं, छावणीवरची काही, शिवाय गावातली बाकीची मंडळी कट्ट्यावर बसून बघणारी. टँकरवाल्यानं टँकर बाजूला घेऊन वाट करून दिली. मास्तर गुंडी लावून, केस ओले करून पुढं. त्यांच्या डाव्या हाताला मी. मागं लिंबाजीचा ढोल आणि ऊसतोडीहून आलेल्या एकाचा ताशा. पहिलं गीत सगळ्यांच्या ओळखीचं, ते सुरेख झालं. बायका टाळ्या वाजवत चालल्या होत्या. मास्तरांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला, दहा वर्षांनी लहान.

विहाराच्या वळणावर मिरवणूक अडली. तोरणाची दोरी झेंड्याच्या काठीत अडकली होती आणि दोघंजण शिडी शोधायला गेले. गीत संपलं होतं. मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले आणि मनानं वाजवायला लागले. ते वाजवणं मला सांगता येणार नाही. घाई नव्हती त्यात. एका वाक्यात वर्षभराचं बोलत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबून डावीकडं कान देत होते. ताशा आपोआप हळू झाला. मग त्यांनी एक सूर लांबवला, कोमल गंधार, तो तसाच लोंबता सोडला आणि क्लॅरिनेट ओठांवरून न काढता माझ्याकडं बघितलं. वाट दिली.

मला फक्त तो गंधार धरायचा होता. एक सूर. पाच दिवस तेवढंच तर शिकत होतो.

मी पंचमावरून युसूफभाईची उतरंड वाजवली. पहिल्या सुरापासून शेवटच्या वळणापर्यंत. एकही सूर चुकला नाही. लिंबाजीचा ढोल मध्येच एक थाप चुकला आणि थांबला. मी अजून वाजवतच होतो. मास्तरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काय आलं ते मी बघितलं. आनंद आला. खराखुरा, लहान मुलासारखा. त्यांनी लगेच उत्तर दिलं, दोन सूर, एक प्रश्न, आणि परत माझ्याकडं बघितलं. त्या प्रश्नाला युसूफभाई काय म्हणाला असता? टेपवर ते नव्हतं. माझ्याकडं काही नव्हतं. मी वाद्य तोंडात धरून नुसता उभा राहिलो. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा हळू, समजावून दिल्यासारखा. मी घाबरून तीच उतरंड पुन्हा वाजवली, जशीच्या तशी.

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतली. "बस," म्हणाले. रागानं नाही. गर्दीतून बाजूला झाले आणि छावणीच्या रस्त्यानं चालू लागले. शिडी आली, तोरण सुटलं, लोकांनी घोषणा दिल्या, मिरवणूक ताशावर पुढं गेली. पुष्कळांना काही कळलंच नाही.

मी मागं धावत गेलो. ते बाजेवर बसून क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करत होते. मी माफी मागितली, काय काय बोललो आठवत नाही. ते म्हणाले, "तुमी वाजवा ते परत." मी म्हणालो, नको. "वाजवा," ते म्हणाले. मी त्यांच्यापुढं उभं राहून ती उतरंड वाजवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "बराबर हाय. येक सूर हिकडचा तिकडं न्हाई. युसूफ कवाच इतकं बराबर वाजवत नव्हता."

मग लुगड्याचं फडकं जवळ ओढून म्हणाले, "तुमचा दोस न्हाई. पन मी त्याला मातीत ठिवून आलतो. वर्सभर मनाला तेच सांगत होतो, की आता त्यो बोलनार न्हाई. तुमी वाजवलं अन् मला वाटलं बोलला. मी इचारलं, तर त्यो तेच पुना म्हनला. मेलेला मानूस तेच तेच म्हनतो, भाऊ. ते मला आज कळलं." लुगड्याच्या फडक्यात क्लॅरिनेट बांधताना त्यांचे हात अगदी स्थिर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मास्तर वाढ्यांच्या रांगेत उभे होते, मला बघून त्यांनी हात जोडले. गयाबाईंनी भाकरी बांधून दिली. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. "राग न्हाई आला तुमचा," त्या म्हणाल्या. "पन खोटं कशाला बोलू? तुमी आला नसता तर बरं झालं असतं. आधी ते निस्ते गप होते. आता त्येंनी सोडलंय." लिंबाजी जीपपर्यंत आला. तो सबंध वाटेवर स्वतःलाच शिव्या घालत होता, कॅसेट दिली म्हणून. मी त्याला म्हणालो, तुझं काय चुकलं? पण माझ्या म्हणण्याला काय अर्थ होता?

परतीच्या वाटेवर कड्याला बस पंक्चर झाली आणि दोन तास रस्त्याच्या कडेला बसलो. लोक ड्रायव्हरला, सरकारला, नशिबाला बोल लावत होते. मी भाकरी सोडली आणि शेजारच्या बाईंना दिली. मुक्कामाला पोचेपर्यंत त्या बैलांच्या, त्या माळाच्या, त्या दोघांच्या विचारानं डोकं भणभणत होतं. तिथल्या माणसांकडून दुष्काळानं एकेक करून सगळं काढून घेतलं होतं. पाणी, माणसं, संस्था, वाद्यं. जे शेवटचं उरलं होतं ते दुष्काळानं नेलं नाही. ते मी नेलं, चांगल्या हेतूनं, वहीत उतरवून. रविवारी लिंबाजीच्या पत्त्यावर मास्तरांना मोठं पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी लिंबाजीच्या अक्षरात दोन ओळी आल्या. "मास्तर बरे आहेत. तोंड मोडलं आता, वाजवायचं म्हणू नका म्हणाले."

ते पत्र आल्यानंतरच्या शनिवारी क्लबात माझी पाळी आली तेव्हा पियानोवाल्यानं एक सूर सोडला होता. माझ्या बोटांत त्या दिवशी काही म्हणजे काही नव्हतं. मी तोच सूर धरला आणि धरून राहिलो. लोक बघायला लागले. मग त्याच्या बाजूचा एक आला, मग आणखी एक, वाकडातिकडा. मला रडू येत होतं आणि मी वाजवत होतो, कुठं चाललोय ते मला ठाऊक नव्हतं. फार काही नव्हतं ते, सातआठ सूर असतील. ड्रमवाल्या म्हाताऱ्यानं काड्या हळू केल्या आणि माझ्याकडं बघून मान हलवली. टाळ्याही मिळाल्या. मी वाद्य पेटीत ठेवलं आणि मागच्या जिन्यावर जाऊन बसलो. तेवढे सातआठ सूर मला विहाराच्या वळणावर हवे होते. किसन मास्तरांनी दोनदा विचारलं होतं.